एफपीजीएवर स्वतःचा आठ बिटांचा प्रोसेसर कसा उभा करायचा

प्रोसेसर बनवायचा म्हटलं की लोक घाबरतात, आणि घाबरत नाहीत ते थेट कोड टाईप करायला बसतात. दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे हाल जास्त होतात, मी त्यातलाच एक. खरं सांगायचं तर छोटा प्रोसेसर ही फार अवघड वस्तू नाही. १९७१ साली आलेल्या इंटेल ४००४ मध्ये साधारण २३०० ट्रान्झिस्टर होते, आणि आज सगळ्यात छोट्या एफपीजीएवरसुद्धा, म्हणजे आतलं लॉजिक आपल्याला हवं तसं जोडून घेता येतं अशा चिपवरसुद्धा, त्यापेक्षा कितीतरी जास्त लॉजिक मावतं. अवघड असतं ते एकच, दोन क्लॉक एजच्या मध्ये, म्हणजे सगळ्या चिपला ताल देणाऱ्या सिग्नलच्या दोन ठोक्यांच्या मध्ये, कुठली किंमत कुठे उभी आहे हे डोक्यात नीट ठेवणं. ते जमलं की बाकीचं टायपिंग आहे.

तर या लेखात एक आठ बिटांचा, एकच ॲक्युम्युलेटर (म्हणजे गणिताचा निकाल जिथे साठतो ती जागा) असलेला, तीन क्लॉकमध्ये एक इन्स्ट्रक्शन करणारा प्रोसेसर कसा डिझाईन करायचा ते सांगतो. उदाहरणाला लॅटिसची आईस४० चिप धरतोय, कारण तिच्यासाठी योसिस, नेक्स्टपीएनआर आणि आईसस्टॉर्म ही कोडमधून चिपमध्ये भरायची फाईल बनवणारी सगळी टूल्स मोफत आणि ओपन सोर्स आहेत आणि बोर्ड साधे असतात. तुमच्याकडे झायलिंक्स किंवा अल्टेराचा बोर्ड असेल तर विवाडो किंवा क्वार्टस वापरा, डिझाईन तेच राहतं, फक्त इन्स्टॉल व्हायला जास्त वेळ लागतो आणि डिस्कवर भरपूर जागा ठेवा.

आधी चिपच्या आत काय आहे ते

एफपीजीएमध्ये अँड गेट, ऑर गेट असे सुटे सुटे गेट नसतात. असतात ते लुकअप टेबल, ज्याला सगळे लट म्हणतात. चार इनपुटचा लट म्हणजे सोळा बिटांची छोटीशी मेमरी, चार इनपुट हा पत्ता आणि त्या पत्त्यावरचा बिट हे आउटपुट. म्हणजे चार इनपुटचं कुठलंही ट्रुथ टेबल त्यात बसतं, मग ते अँड असो, एक्सॉर असो की काहीतरी विचित्र. प्रत्येक लटच्या शेजारी एक फ्लिपफ्लॉप, म्हणजे पुढच्या क्लॉकपर्यंत एक बिट धरून ठेवणारी वस्तू, बेरजेसाठी वेगळी फास्ट कॅरी चेन (कॅरी म्हणजे हातचा), आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारांचं जाळं. कॅरी चेन सोडली तर हेच गणित झायलिंक्सच्या १९८५ सालच्या पहिल्या एफपीजीएपासून चालत आलंय, त्यात असे फक्त ६४ ब्लॉक होते. आईस४०च्या एचएक्स१के चिपमध्ये १२८० लट आहेत, यूपी५के मध्ये ५२८०.

याशिवाय ब्लॉक रॅम, म्हणजे चिपमध्येच तयार मिळणारी मेमरी. आईस४० मध्ये एक ब्लॉक रॅम ४०९६ बिटांची असते. २५६ गुणिले १६ बरोबर ४०९६, म्हणजे सोळा बिटांच्या २५६ इन्स्ट्रक्शन एका ब्लॉकमध्ये चपखल बसतात. आपला प्रोसेसर याच आकड्याभोवती बेतायचा. लोक आधी भारी इन्स्ट्रक्शन सेट ठरवतात आणि मग चिपमध्ये कोंबत बसतात, त्यापेक्षा चिपमध्ये काय फुकट मिळतंय ते बघून डिझाईन करणं कधीही सोपं.

पहिला दिवस, फक्त एलईडी

प्रोसेसरला हात लावायच्या आधी एक एलईडी लुकलुकवा. हसू नका. यात टूल नीट बसलंय का, पिनची फाईल बरोबर आहे का, बोर्डवर प्रोग्राम जातोय का, क्लॉक खरंच येतोय का, एवढं सगळं तपासून होतं. बऱ्याच आईस४० बोर्डवर १२ मेगाहर्ट्झचा क्लॉक असतो. २४ बिटांचा काउंटर घ्या, दर क्लॉकला एक वाढवा, सगळ्यात वरचा बिट एलईडीला जोडा. २ चा २४वा घात म्हणजे १,६७,७७,२१६, त्याला १२० लाखांनी भागलं की जवळजवळ १.४ सेकंद, म्हणजे एलईडी ०.७ सेकंद चालू आणि ०.७ सेकंद बंद. घड्याळ लावून बघा, आकडा जुळला म्हणजे क्लॉक बरोबर आहे. एलईडी उलटा वागत असेल, म्हणजे शून्य दिल्यावर पेटत असेल, तर घाबरू नका, काही बोर्डांवर तो तसाच जोडलेला असतो. आणि पिनला बाहेरून काही जोडणार असाल तर ३.३ व्होल्टच्या वर जाऊ नका, ५ व्होल्ट दिले की पिन जाते आणि ती परत येत नाही.

हार्डवेअरचं वर्णन लिहायची भाषा व्हेरिलॉग घ्या किंवा व्हीएचडीएल, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. मी व्हेरिलॉग घेतो कारण टायपिंग कमी. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा, क्लॉकवर चालणाऱ्या ऑलवेज ब्लॉकमध्ये नेहमी नॉनब्लॉकिंग असाइनमेंट, म्हणजे बाणासारखी दिसणारी, आणि नुसत्या कॉम्बिनेशनल (क्लॉक नसलेल्या) लॉजिकच्या ब्लॉकमध्ये नेहमी साधी बरोबरची खूण. दोन्हीची सरमिसळ केली की सिम्युलेशनमध्ये एक दिसतं आणि बोर्डवर दुसरंच होतं. आणि कॉम्बिनेशनल ब्लॉकच्या सुरुवातीला प्रत्येक आउटपुटला काहीतरी डिफॉल्ट किंमत द्या, नाहीतर केसमधली एखादी शक्यता सुटली की टूल गुपचूप लॅच बनवतं. म्हणजे जुनी किंमत धरून ठेवणारी वस्तू, जी तुम्ही मागितलेलीच नव्हती. वॉर्निंगच्या ढिगात ती ओळ कुठेतरी असते, पण ते ढिगारे कोण वाचतं. वाचा.

कागदावर इन्स्ट्रक्शन सेट

सोळा बिटांची इन्स्ट्रक्शन. वरचे चार बिट ऑपकोड, म्हणजे काय करायचं, खालचे आठ बिट ऑपरंड, म्हणजे कशावर करायचं (आकडा किंवा पत्ता), मधले चार रिकामे. रिकामे चार बिट वाया गेले असं वाटेल, पण हेक्समध्ये लिहिल्यावर पहिला आकडा ऑपकोड आणि शेवटचे दोन ऑपरंड असं नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं, आणि डीबगिंग करताना रात्री दोन वाजता ही सोय सोन्यासारखी वाटते.

माझा सेट असा:

० काहीच करू नको, म्हणजे नोप
१ ऑपरंडमधला आकडा थेट ॲक्युम्युलेटरमध्ये
२ मेमरीतून ॲक्युम्युलेटरमध्ये
३ ॲक्युम्युलेटर मेमरीत
४ बेरीज, ५ वजाबाकी, ६ अँड, ७ एक्सॉर, सगळे मेमरीतल्या किमतीशी
८ जंप
९ ॲक्युम्युलेटर आउटपुट पोर्टवर, म्हणजे आपले आठ एलईडी
१० आधीचा निकाल झीरो असेल तर जंप, ११ कॅरी असेल तर जंप
१२ इनपुट पोर्ट ॲक्युम्युलेटरमध्ये
१३ एक बिट उजवीकडे सरकव
१५ थांब

तेरावा मी नंतर घातला, आणि का घातला ते सांगण्यासारखं आहे. सेट पक्का करायच्या आधी त्या सेटमध्ये कागदावर तीन प्रोग्राम लिहून बघायचे असा माझा आता नियम आहे: एक नुसता मोजणारा, एक बटण दाबेपर्यंत वाट बघणारा आणि एक दोन आकड्यांचा गुणाकार करणारा. गुणाकार लिहिताना लक्षात येतं की डावीकडे सरकवणं फुकट मिळतं, आकडा स्वतःतच मिळवला की झालं, पण उजवीकडे सरकवायला काहीच नाही. हार्डवेअरमध्ये उजवीकडे सरकवणं म्हणजे नुसत्या तारा तिरक्या जोडणं, त्याला गेटसुद्धा लागत नाही, फक्त मल्टिप्लेक्सरला, म्हणजे अनेक इनपुटांतून एक निवडणाऱ्या भागाला, एक इनपुट वाढतं. मग घातला.

याच कागदावर अजून एक उणीव दिसेल. या प्रोसेसरला ॲरे नीट वाचता येत नाही, कारण पत्ता इन्स्ट्रक्शनमध्येच कोरलेला असतो आणि प्रोग्राम मेमरी वेगळी असल्यामुळे चालू असताना इन्स्ट्रक्शन बदलताही येत नाही. उपाय म्हणजे एक इंडेक्स रजिस्टर, म्हणजे चालू असताना बदलता येणारा पत्ता ठेवायची जागा, आणि १४ नंबरचा ऑपकोड. पहिल्या आवृत्तीत मी तो ठेवत नाही. आधी प्रोसेसर चालू दे.

क्लॉकनुसार तक्ता, हाच खरा गाभा

आता खरं काम. आईस४०ची ब्लॉक रॅम सिंक्रोनस असते, म्हणजे पत्ता दिला की डेटा लगेच येत नाही, पुढच्या क्लॉक एजनंतर येतो. ही एक ओळ समजली नाही तर प्रोसेसर कधीच चालणार नाही, आणि चालला तर योगायोगाने चालेल. हे टाळायला काही जण लगेच डेटा देणारी मेमरी लिहितात, व्हेरिलॉगमध्ये ते अगदी सोपं आहे, एक असाइन लिहिला की झालं. पण मग टूलला ती ब्लॉक रॅममध्ये बसवता येत नाही आणि ते बिचारं ती फ्लिपफ्लॉपमधून बनवायला जातं. २५६ बाईटची डेटा मेमरी म्हणजे २०४८ फ्लिपफ्लॉप, आणि एचएक्स१के मध्ये आहेत १२८०. चिप भरली असा एरर येतो आणि माणूस विचार करत बसतो की एवढ्याशा प्रोसेसरने चिप कशी भरली. म्हणून मेमरी वाचायची ओळ क्लॉकवाल्या ब्लॉकमध्येच लिहा, आणि मेमरीला रिसेट देऊ नका, ब्लॉक रॅम एका झटक्यात शून्य करता येत नाही.

म्हणून प्रत्येक इन्स्ट्रक्शनला तीन पायऱ्या. पहिली, आण. प्रोग्राम काउंटर, म्हणजे आता कुठल्या पत्त्यावरची इन्स्ट्रक्शन चालू आहे ते सांगणारा आकडा, प्रोग्राम मेमरीच्या पत्त्यावर लागलेला आहे, पायरी संपताना जो क्लॉक एज येतो त्याच्यानंतर मेमरीच्या आउटपुटवर इन्स्ट्रक्शन दिसते. दुसरी, वाच. इन्स्ट्रक्शनचे खालचे आठ बिट थेट डेटा मेमरीच्या पत्त्याला जोडलेले आहेत, मधे रजिस्टर नाही, त्यामुळे या पायरीच्या शेवटच्या एजनंतर डेटा मेमरीतली किंमत बाहेर येते. तिसरी, कर. एएलयूच्या, म्हणजे बेरीज-वजाबाकी करणाऱ्या भागाच्या, एका बाजूला ॲक्युम्युलेटर, दुसऱ्या बाजूला ती किंमत, आणि शेवटच्या एजला निकाल ॲक्युम्युलेटरमध्ये शिरतो, फ्लॅग (निकाल शून्य आला का, कॅरी आला का याच्या एकेका बिटाच्या खुणा) बदलतात, स्टोअर असेल तर मेमरीत लिहिलं जातं.

कागदावर उभे रकाने काढा, दर रकाना एक क्लॉक, आणि आडव्या ओळींत प्रोग्राम काउंटर, प्रोग्राम मेमरीचं आउटपुट, डेटा मेमरीचं आउटपुट, ॲक्युम्युलेटर. दोन-तीन इन्स्ट्रक्शन हाताने चालवून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मी ते केलं नव्हतं. मला वाटलं दुसऱ्या पायरीत काही विशेष काम नाही, तर प्रोग्राम काउंटर तिथेच एकने वाढवून टाकू, आणि तिसऱ्यात जंप असेल तर नवीन पत्ता घालू. फार हुशारी केली असं वाटत होतं. सिम्युलेशनमध्ये चाललं, बोर्डवर पूर्ण स्पीडने चाललं. मग एलईडी डोळ्यांना दिसावेत म्हणून प्रोसेसर हळू केला, म्हणजे एक मोठा काउंटर लावून तो ठराविक वेळाने एक टिक देईल आणि टिक आल्यावरच पायरी पुढे सरकेल असं केलं, आणि प्रोग्राम वेड्यासारखा वागायला लागला, एखादी इन्स्ट्रक्शन खायची आणि भलतीचं काम करायची. दोन संध्याकाळी गेल्या. कारण काय, तर पूर्ण स्पीडमध्ये तिसरी पायरी एकच क्लॉक टिकते, त्यामुळे मेमरीच्या आउटपुटवर जुनी इन्स्ट्रक्शन अजून उभी असते. हळू केल्यावर तिसऱ्या पायरीत लाखो क्लॉक जातात, ब्लॉक रॅम मात्र दर क्लॉकला वाचतच असते, आणि प्रोग्राम काउंटर तर आधीच एकने पुढे गेलेला. म्हणजे तिसरी पायरी अजून चालू आहे आणि समोरची इन्स्ट्रक्शन बदलून पुढची आली. पायरी संपते तेव्हा काम होतं ते पुढच्या इन्स्ट्रक्शनचं.

दुरुस्ती दोन ओळींची. प्रोग्राम काउंटर फक्त तिसऱ्या पायरीच्या शेवटी बदलायचा, जंप असेल तर ऑपरंड, नाहीतर अधिक एक. मग संपूर्ण इन्स्ट्रक्शनभर तो स्थिर राहतो, ब्लॉक रॅम कितीही वेळा वाचू दे, तेच मिळतं. दुसरा मार्ग म्हणजे मेमरीला रीड एनेबल देऊन फक्त पहिल्या पायरीतच वाचायला लावणं, तोही बरोबर आहे.

हळू करायचं तर क्लॉक कापू नका

वर टिक म्हटलं त्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नवीन माणूस इथे हमखास चुकतो. प्रोसेसर हळू करायला काउंटरच्या बिटालाच क्लॉक म्हणून वापरायचा मोह होतो. करू नका. चिपमध्ये क्लॉकसाठी वेगळ्या खास तारा असतात ज्या सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी पोचतात, साध्या लॉजिकमधून निघालेला क्लॉक त्या मार्गाने जाईलच असं नाही, आणि दोन वेगळ्या क्लॉकवरची लॉजिक एकमेकांशी बोलायला लागली की वेगळीच डोकेदुखी. पूर्ण डिझाईनला एकच क्लॉक ठेवा, आणि हळू करायचं असेल तर दर रजिस्टरवर "टिक असेल तरच बदल" अशी अट टाका. फ्लिपफ्लॉपला एनेबलची पिन असतेच, त्यामुळे त्याला जास्तीचे लटही फारसे लागत नाहीत. हीच अट डेटा मेमरीत लिहिण्यावर आणि आउटपुट पोर्टवरही टाका, एक जरी सुटली तर तो भाग पूर्ण स्पीडने पळेल आणि बाकीचा मागे राहील.

एएलयू

इथे फार काही नाही, उगाच याचा बाऊ केला जातो. आठ बिटांची बेरीज नऊ बिटांच्या वायरमध्ये घ्या, नववा बिट म्हणजे कॅरी. वजाबाकी म्हणजे पहिल्या आकड्यात दुसऱ्याचे सगळे बिट उलटे करून मिळवणं, अधिक एक. अशी केली की कॅरी १ आला म्हणजे उसने घ्यावं लागलं नाही, आणि ० आला म्हणजे घ्यावं लागलं. ६५०२ प्रोसेसर असाच वागायचा, इंटेलच्या ८०८० मध्ये उलटं आहे. कुठलंही घ्या पण वहीत लिहून ठेवा, कारण "मोठा की छोटा" तुलना करणारे सगळे प्रोग्राम यावर उभे असतात. झीरो फ्लॅग म्हणजे आठही बिट शून्य आहेत का ते.

फ्लॅग कधी बदलायचे हे मात्र नीट ठरवा. मी बेरीज, वजाबाकी, अँड, एक्सॉर, शिफ्ट, आणि ॲक्युम्युलेटरमध्ये काहीही लोड झालं की झीरो बदलतो. कॅरी फक्त बेरीज, वजाबाकी आणि शिफ्टने. शिफ्टमध्ये बाहेर पडलेला बिट कॅरीत टाकला की गुणाकाराचा प्रोग्राम एकदम सुटसुटीत होतो. स्टोअर आणि आउटपुटने काहीच बदलू नये.

लट जास्त कुठे जातात असं विचाराल तर बेरजेत नाही, मल्टिप्लेक्सरमध्ये. ॲक्युम्युलेटरमध्ये ऑपरंड जाऊ शकतो, मेमरी जाऊ शकते, बेरीज, अँड, एक्सॉर, शिफ्ट, इनपुट पोर्ट, या सगळ्यांतून एक निवडायचं आणि तेही आठ बिटांसाठी. म्हणून "अजून एक इन्स्ट्रक्शन घालू या, काय जातंय" असं वाटलं की आठवा, मल्टिप्लेक्सर फुगतोय.

असेंब्लर

हेक्स हाताने लिहायला दोन-तीन प्रोग्राम पुरते मजा येते, नंतर जंपचे पत्ते मोजून जीव जातो. पायथनमध्ये छोटा असेंब्लर लिहा, पन्नासेक ओळींत होतो. फाईल दोनदा वाचायची, पहिल्या वेळी फक्त लेबलं आणि त्यांचे पत्ते डिक्शनरीत गोळा करायचे, दुसऱ्या वेळी प्रत्येक ओळीचा हेक्स आकडा छापायचा. निघालेली फाईल व्हेरिलॉगमधल्या रीडमेमएच या सोयीने मेमरीत भरली जाते, सिम्युलेशनमध्येही आणि सिंथेसिसमध्येही (कोडमधून चिपसाठी सर्किट बनवताना), म्हणजे दोन्हीकडे एकच प्रोग्राम.

पहिला प्रोग्राम हा घ्या, एलईडीवर मोजणारा:

पत्ता ०: १००१, ॲक्युम्युलेटरमध्ये १
पत्ता १: ३०१०, तो मेमरीच्या हेक्स १० पत्त्यावर ठेव
पत्ता २: १०००, ॲक्युम्युलेटर शून्य
पत्ता ३: ९०००, एलईडीवर दाखव
पत्ता ४: ४०१०, एक मिळव
पत्ता ५: ८००३, पत्ता ३ वर जा

पूर्ण स्पीडने चालवला तर आठही एलईडी अर्धवट उजेडात नुसते पेटलेले दिसतील. बिघाड नाही तो. चक्रात तीन इन्स्ट्रक्शन, नऊ क्लॉक, २५६ पायऱ्यांचा पूर्ण फेरा २३०४ क्लॉकमध्ये, म्हणजे सगळ्यात हळू एलईडीसुद्धा सेकंदाला पाच हजारांवर वेळा लुकलुकतोय. टिकसाठी २० बिटांचा काउंटर लावा, सेकंदाला साधारण ११.४ टिक मिळतात, नऊ टिकला एक आकडा, म्हणजे दर ०.८ सेकंदाला एलईडी पुढे सरकतील.

सिम्युलेशन सोडू नका

सिम्युलेशनला आयकेरस व्हेरिलॉग आणि वेव्हफॉर्म बघायला जीटीकेवेव्ह, दोन्ही मोफत. टेस्टबेंचमध्ये, म्हणजे प्रोसेसरची चाचणी घेणाऱ्या कोडमध्ये, क्लॉक बनवा, रिसेट द्या, आणि प्रत्येक तिसऱ्या पायरीला प्रोग्राम काउंटर, इन्स्ट्रक्शन आणि ॲक्युम्युलेटर एका ओळीत छापा. वेव्हफॉर्म बघत बसण्यापेक्षा ही छापील यादी जास्त कामाची असते, प्रोग्राम कुठे भरकटला ते एका नजरेत दिसतं, मग नेमक्या त्या क्लॉकचा वेव्हफॉर्म उघडायचा. वेव्हफॉर्ममध्ये लाल एक्स दिसले तर ते न दिलेल्या सुरुवातीच्या किमतीमुळे. एक्स म्हणजे सिम्युलेटर सांगतोय की मला माहीत नाही, तर हार्डवेअरमध्ये तिथे ० किंवा १ काहीतरी असेलच, आणि तुमचं नशीब चांगलं असेल तर नेमकं बरोबर तेच असेल. त्यावर विसंबू नका.

आणि टेस्टबेंचमध्ये टिकचं अंतर बदलून बघा. एकदा दर क्लॉकला टिक, एकदा दर सात क्लॉकला. दोन्ही याद्या अक्षरशः सारख्या यायला हव्यात. हे मी आधी केलं असतं तर त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

बोर्डवर गेल्यावर

सिम्युलेशन बरोबर आणि बोर्डवर गडबड असेल तर दोन जागा आधी बघा. पहिली आईस४०ची खास खोड: चिप कॉन्फिगर झाल्यावर सुरुवातीचे काही मायक्रोसेकंद ब्लॉक रॅम भरवशाची नसते, त्यात भरलेल्या किमतीऐवजी शून्य वाचलं जातं. आपल्याकडे शून्य म्हणजे नोप, त्यामुळे प्रोसेसर निवांत पुढे सरकतो आणि पहिल्या काही इन्स्ट्रक्शन चुकवतो, म्हणजे मेमरीत सुरुवातीच्या किमती ठेवायच्या राहून जाऊ शकतात. उपाय म्हणून पॉवर आल्यावर आठ बिटांचा काउंटर पूर्ण भरेपर्यंत प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवा, १२ मेगाहर्ट्झला ते साधारण २१ मायक्रोसेकंद होतात आणि तेवढे पुरतात.

दुसरी जागा बटणं. बटणाला तुमच्या क्लॉकशी काही देणंघेणं नसतं, ते नेमकं क्लॉक एजच्या वेळी बदललं तर फ्लिपफ्लॉप काही क्षण धड ० नाही धड १ नाही अशा अवस्थेत अडकू शकतो. म्हणून बाहेरून येणारी प्रत्येक वायर आधी एकामागे एक दोन फ्लिपफ्लॉपमधून घ्या आणि मगच वापरा. त्यावर बटण उसळतं, एकदा दाबलं तरी काही मिलिसेकंद चालू-बंद करत राहतं. १८ बिटांचा काउंटर, बटणाची किंमत स्थिर असेपर्यंत वाढवायचा, बदलली की शून्य, आणि पूर्ण भरला की मगच नवीन किंमत मान्य करायची, त्याला जवळजवळ २२ मिलिसेकंद लागतात आणि बोटाला ते कळतही नाही.

टायमिंग रिपोर्टकडेही एक नजर टाका. १२ मेगाहर्ट्झला एक क्लॉक म्हणजे ८३ नॅनोसेकंद, आपल्या डिझाईनला ते भरपूर आहेत. नेक्स्टपीएनआर शेवटी जास्तीत जास्त किती मेगाहर्ट्झला चालेल ते छापतो आणि सगळ्यात लांब रस्ता कुठला तेही दाखवतो. आपल्याकडे तो बहुतेक डेटा मेमरीतून बेरजेत आणि तिथून मल्टिप्लेक्सरमधून झीरो फ्लॅगपर्यंत असा निघेल, कारण झीरो तपासायला आठही बिटांचा निकाल आधी लागावा लागतो.

सिरियल पोर्ट आणि पुढे

एलईडी झाले की लगेच कॉम्प्युटरला अक्षरं पाठवावीशी वाटतात, आणि ते सोपं आहे. ११५२०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट, हवा असेल तर १२० लाखांना त्याने भागा, १०४.१७ येतात, १०४ घ्या, चूक ०.१६ टक्के, चालून जाते. एक स्टार्ट बिट शून्य, मग आठ डेटा बिट खालच्या बिटापासून, मग स्टॉप बिट एक. दहा बिटांचं शिफ्ट रजिस्टर आणि दोन काउंटर एवढंच. प्रोसेसरला फक्त "अजून पाठवतोय" हा एक बिट इनपुट पोर्टवर वाचता आला पाहिजे, नाहीतर तो अक्षरांवर अक्षरं ढकलत राहील. ऑपरंडचे आठ बिट इनपुट-आउटपुटमध्ये आत्ता रिकामेच आहेत, ते पोर्टचा नंबर म्हणून वापरा.

यानंतर बरेच जण थेट आरव्ही३२आय कडे उडी मारतात, म्हणजे रिस्क-फाईव्हचा मूळ ३२ बिटांचा सेट. मारा, पण तिथे ३२ रजिस्टर आहेत आणि एका इन्स्ट्रक्शनला त्यातले दोन एकदम वाचावे लागतात, आईस४०च्या ब्लॉक रॅमला वाचायचं दार एकच. उपाय म्हणजे रजिस्टरच्या दोन सारख्या प्रती ठेवायच्या, लिहिताना दोन्हीत लिहायचं, वाचताना एकेकीतून एकेक.

मला विचाराल तर त्याआधी याच प्रोसेसरला तीनऐवजी दोन क्लॉकवर आणून बघा. तिसरी पायरी चालू असतानाच पुढची इन्स्ट्रक्शन मागवायची, म्हणजे पहिली पायरी वेगळी लागतच नाही. त्यासाठी तिसऱ्या पायरीत मेमरीला प्रोग्राम काउंटर नाही तर प्रोग्राम काउंटर अधिक एक द्यायचा, आणि तो नेमका टिकलाच वाचला जावा म्हणून आता रीड एनेबल लावावीच लागते, नाहीतर माझा वरचा घोळ तुमच्याकडे परत येईल. जंप आली की मागवून ठेवलेली इन्स्ट्रक्शन चुकीची ठरते, तेव्हा एक जास्तीची "आण" पायरी घालायची. म्हणजे साध्या इन्स्ट्रक्शन दोन क्लॉकमध्ये, घेतलेली जंप तीन क्लॉकमध्ये, आणि वरचं मोजणारं चक्र नऊऐवजी सात क्लॉकचं. तक्ता मात्र परत काढा, यावेळी रकाने थोडे रुंद ठेवा, कारण आता एकाच रकान्यात दोन इन्स्ट्रक्शन असतात.